सरासरीने कडा कोसळत नाही

समुद्रकड्यावरच्या बांधकामाच्या अहवालात एक वाक्य हमखास सापडते : कडा वर्षाला इतके सेंटीमीटर मागे हटतो. या आकड्याला इमारतीच्या आयुष्याने गुणायचे, वर थोडी सूट धरायची, की कड्याच्या धारेपासूनचे सुरक्षित अंतर निघते. हिशेब सोपा आहे, पण कडा त्या हिशेबाने वागत नाही.

लाटा पायथ्याशी खाच पाडतात, वरचा खडक अधांतरी राहतो, भेगा रुंदावतात आणि एखाद्या पावसाळ्यात काही मीटर रुंदीचा तुकडा एकदम खाली येतो. हा राडा पायथ्याशी आहे तोवर लाटांचा मार झेलतो. तो वाहून गेला की कडा पुन्हा उघडा पडतो. म्हणून दहा वर्षांची मोजणी दोन पडझडींच्या मधली असेल, तर झीज जवळपास शून्य दिसते. त्यावरून कडा स्थिर ठरवणे चूक आहे.

मोजणीचा काळ लांबवूनही प्रश्न सुटत नाही. इंग्लंडमध्ये ससेक्सच्या किनाऱ्यावर, बीची हेडच्या परिसरात खडूच्या दगडाचे उंच कडे आहेत. त्यांच्या पुढ्यातल्या खडकाळ मंचावरील चकमकीच्या दगडात साठलेले बेरिलियम-१० मोजून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार हे कडे काही हजार वर्षे वर्षाला २ ते ६ सेंटीमीटर मागे हटत होते. गेल्या दीडशे वर्षांत हा वेग २२ ते ३२ सेंटीमीटर झाला. अभ्यासकांनी याचा संबंध पायथ्याची गोट्यांची पुळण रोडावण्याशी जोडला. खडक तोच राहिला, पुढची ढाल पातळ झाली.

ही ढाल आपणच काढून घेतो, कधी शेजाऱ्याचीही. यॉर्कशायरमधील होल्डरनेसचे मातीचे कडे वर्षाला सुमारे दोन मीटर मागे जातात. तिथे मॅपल्टन गाव आणि रस्ता वाचवण्यासाठी १९९१ मध्ये समुद्रात दगडांचे दोन आडवे बांध घातले. गावापुढे वाळू साठली, पण दक्षिणेकडे जाणारी वाळू अडली आणि तिथल्या शेतांपुढचे कडे अधिक वेगाने ढासळू लागले. कड्याची झीज हाच पुढच्या किनाऱ्याचा वाळूपुरवठा असतो, हे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या प्रस्तावात क्वचितच लिहिले जाते.

कोकणात आणखी एक गुंतागुंत आहे. अनेक ठिकाणी वर जांभ्याचा कठीण थर आणि खाली मऊ, चिकणमातीसारखा थर असतो. सड्यावरचे पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपते, खालच्या थरावर अडते आणि कड्याच्या तोंडातून झऱ्याने बाहेर पडते. मऊ थर धुपला की वरचा जांभा ठोकळ्यांनी सुटतो. म्हणजे समुद्र खालून पोखरत असतानाच पाऊस आतून काम करतो, आणि दोघांचा जोर एकाच चार महिन्यांत असतो. कड्याच्या माथ्यावरचे शोषखड्डे, पोहण्याचे तलाव आणि गळकी गटारे या पाण्यात भरच घालतात. पायथ्याला कितीही टेट्रापॉड टाकले तरी वरून मुरणारे पाणी थांबत नाही.

म्हणून सरासरी वेगाबरोबर अहवालात आणखी तीन गोष्टी हव्यात : एका पडझडीत तुटू शकणाऱ्या तुकड्याची जास्तीत जास्त रुंदी, पायथ्याच्या पुळणीचा ऋतुमानानुसार बदल, आणि माथ्यावरच्या पाण्याचा निचरा. सुरक्षित अंतर धरताना पहिली रुंदी वेगळी मिळवावी. ती सरासरीत विरघळवू नये. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेतील धोकारेषा हे आपत्ती नियोजनाचे साधन आहे, एखाद्या भूखंडाच्या स्थैर्याचा दाखला नव्हे.

आणि मागे सरण्याचा पर्यायही खर्चाच्या तक्त्यात मांडावा. बीची हेडजवळचे बेल टाऊट हे जुने दीपगृह १९९९ मध्ये सबंध उचलून १७ मीटर आत सरकवले. पुढे पुन्हा सरकवता येईल अशी सोयही पायात ठेवली. प्रत्येक इमारतीला हे परवडणार नाही. पण बंधाऱ्याचा खर्च, त्याची पन्नास वर्षांची देखभाल आणि शेजारच्या किनाऱ्याचे नुकसान एका बाजूला मांडले, तर धारेपासून लांब बांधणे हाच बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त उपाय ठरेल. तो मालकाला नकाशा मंजुरीला जाण्याआधी सांगणे हे आपले काम आहे.