सावंतवाडी रोड आणि वेटिंग लिस्ट

शुक्रवारी रात्री साडेनऊला कात्रज चौकात उभं राहून बघा. पाठीला लॅपटॉपची सॅक, हातात बाकरवडीची पिशवी आणि कानाला फोन: "हो हो, चौकातच उभाय, बस कुठपर्यंत आली?" यातले बरेचजण सिंधुदुर्गात जाणारे. मीही त्यातलाच. कोल्हापूर हायवेने रात्रभर हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि पहाटे आंबोलीचा घाट उतरायचा. सावंतवाडीला पोचलं की मामाचा ठरलेला प्रश्न, "रेल्वेन कित्याक येणस नाय रे?"

आता मामाला काय सांगणार? भोरघाटातली लाइन आणि पार खाली कॅसलरॉककडची लाइन, या दोघींच्या मध्ये सह्याद्री ओलांडणारी एकही रेल्वे नाही. म्हणजे कात्रजकराने आधी उलटं पुणे स्टेशन गाठायचं, खंडाळा उतरून पनवेलला जायचं आणि तिथून पुन्हा दक्षिणेकडे. कोल्हापूर–वैभववाडी आणि कराड–चिपळूण हे मार्ग कधीपासून कागदावर आहेत. असो, तो एका वेगळ्या शनिवारचा विषय आहे.

आजचा विषय सावंतवाडी रोड. नावातला हा 'रोड' फार प्रामाणिक आहे! स्टेशन सावंतवाडीत नाहीच, मळगावला आहे. गावातून रिक्षा करावी लागते. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी या किनाऱ्यावरच्या गावांनाही हेच जवळचं. वेंगुर्ला म्हणजे जुनं बंदर, तिथून मुंबईला बोटीने जायचे. बॅरिस्टर नाथ पै याच वेंगुर्ल्याचे. त्यांनी लोकसभेत कोकण रेल्वेचा विषय लावून धरला, त्यांच्यानंतर मधु दंडवत्यांनी. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असा योग जुळला तेव्हा कुठे कॉर्पोरेशन स्थापन झालं. महाराष्ट्राने त्यात २२ टक्के भांडवल घातलं. ई. श्रीधरन यांच्या टीमने बोगदे आणि पूल बांधले आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूर मार्ग सुरू झाला.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची. पुढे मात्र घोळ आहे.

कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी या आपल्या लाडक्या गाड्या. सगळ्या मडगावला सुटतात आणि मडगावलाच संपतात. आता थोडं आमच्या धंद्यातलं. रिझर्वेशनच्या सिस्टिममध्ये सगळे वेटिंगवाले सारखे नसतात. गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवाशाला साधारणपणे जनरल वेटिंग लिस्ट मिळते आणि ती सगळ्यात आधी पुढे सरकते. मधल्या स्टेशनवाल्याला बरेचदा पूल्ड कोटा किंवा रिमोट लोकेशनची लिस्ट मिळते. तिच्यात जागाच मोजक्या, त्यामुळे कन्फर्म व्हायची शक्यता कमी. एकाच गाडीचं, एकाच दिवशी काढलेलं तिकीट, पण रांग वेगळी. गणपतीच्या परतीला सावंतवाडीहून तिकीट मिळत नाही याचं कारण नुसती गर्दी नाही, ही रचनाही आहे.

म्हणून टर्मिनस हवं. चार गाड्या इथून सुटल्या तर इथला माणूस पहिल्या रांगेत येतो. सध्या इथून सुटणाऱ्या म्हणाल तर मुख्यतः दोन: दिव्याची पॅसेंजर आणि दादरची तुतारी. ही आधीची राज्यराणी. २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून तिला तुतारी हे नाव मिळालं. नाव झकास आहे, पण नावाने बर्थ वाढत नाहीत :-)

टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ मध्ये झालं. दहा वर्षांनंतरही काम पूर्ण झालं नव्हतं. २०२३ मध्ये मुंबई–मडगाव वंदे भारत सुरू झाली, तेव्हा कणकवलीनंतरचा थांबा थेट गोव्यातलं थिवी. मधलं अख्खं सावंतवाडी गायब. दरम्यान कोकणातल्या बऱ्याच स्टेशनांच्या दर्शनी बाजू मात्र चकाचक झाल्या. यूआय बदलला, बॅकएंड तसंच. (हा शेरा ऑफिसात कुणी मारला असता तर मी चिडलो असतो, ते सोडा.)

रेल्वेवाल्यांची बाजूही खरी आहे. मार्ग बहुतांश एकेरी. रोहा ते वीर एवढाच तुकडा दुहेरी झाला, तोही २०२१ मध्ये. एका गाडीला थांबा दिला की समोरची कुठेतरी क्रॉसिंगला अडकते. पावसाळ्यात दरडींमुळे वेग कमी, वेळापत्रक वेगळं. प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनला थांबवा अशी मागणी करणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. पण याच कारणाने टर्मिनस जास्त पटतं. तिथे जादा लाइन आणि डबे धुवायची, पाणी भरायची सोय झाली, तर मडगावपर्यंत न जाता काही गाड्या इथूनच फिरवता येतील आणि पुढची एकेरी लाइन तेवढी मोकळी राहील.

पुण्याचं म्हणाल तर सणासुदीला पनवेलमार्गे स्पेशल सोडतात. तीच दर शुक्रवारी रात्री सोडा आणि रविवारी सावंतवाडीहून परत आणा. वळसा पडेल, चालेल. बसमध्ये पाय दुमडून बसण्यापेक्षा बर्थवर आडवं होऊन दोन तास उशिरा पोचलेलं बरं.

मामाला मागच्या खेपेला हे सगळं वेटिंग लिस्टपासून समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे आता परतीचा बशीचा तिकीट काढलंस मां?"