विश्लेषण : वर्गात स्क्रीन आली, शिकण्याचे काय? वर्तनवाद ते ज्ञानरचनावाद… जुने सिद्धांत काय सांगतात?

कुठे लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, कुठे एखाद्या निधीतून टॅब, तर कुठे माजी विद्यार्थ्यांनी दिलेला स्मार्ट टीव्ही. गेल्या दशकभरात राज्यातील असंख्य शाळांच्या दारावर ‘डिजिटल शाळा’ अशी पाटी लागली. मात्र व्हिडीओ सुरू झाल्यावर मुले हाताची घडी घालून बसणार असतील, तर फळा आणि पडदा यांत फरक काय? या प्रश्नाचे उत्तर नव्या उपकरणांपेक्षा डीएड-बीएडच्या जुन्या पुस्तकांत अधिक स्पष्टपणे सापडते.

स्किनर यांचे यंत्र काय होते?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. सगळ्या मुलांना एकाच वेगाने चालावे लागत होते आणि आपले उत्तर बरोबर की चूक, हे त्यांना लगेच कळत नव्हते. त्यातून त्यांनी ‘शिकवणारे यंत्र’ तयार केले. छोटा प्रश्न, लगेच उत्तर, बरोबर आले की पुढचा प्रश्न. योग्य कृतीला तत्काळ प्रबलन मिळाले की ती कृती पक्की होते, हा वर्तनवादाचा गाभा. आजच्या बहुतांश अभ्यास अ‍ॅपमधील तारे, गुण आणि टाळ्यांचा आवाज म्हणजे त्याच यंत्राची रंगीत आवृत्ती आहे.

हा सिद्धांत कालबाह्य झाला का?

नाही. पाढे, स्पेलिंग, शब्दसंग्रह यांसाठी सराव लागतोच आणि सराव घेण्यात यंत्र थकत नाही. दिल्लीतील शाळकरी मुलांवर ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा प्रयोग झाला. त्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुलांची लक्षणीय प्रगती दिसली. यातील महत्त्वाचा मुद्दा असा, की सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता न पाहता त्याची प्रत्यक्ष पातळी पाहून प्रश्न देत होते. शिवाय केंद्रावर लहान गटांना शिकवणारी माणसेही होती.

मग अडचण कुठे येते?

अपूर्णांकांचे उदाहरण घेऊ. एक चतुर्थांश मोठा की एक तृतीयांश? चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून अनेक मुले एक चतुर्थांश निवडतात. टॅबवर लाल फुली येते. मूल दुसरा पर्याय दाबते, हिरवी खूण येते, गुण मिळतो. उत्तर सुधारले, समज मात्र जिथे होती तिथेच राहिली. चूक झाली हे यंत्राने सांगितले. ती का झाली, हे मुलाला कळलेच नाही.

इथे ज्याँ पियाजे उपयोगी पडतात. मूल म्हणजे रिकामे भांडे नव्हे. ते स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, असे त्यांचे प्रतिपादन. सारख्या आकाराच्या दोन भाकऱ्यांपैकी एकीचे तीन आणि दुसरीचे चार समान तुकडे केले, की वाटेकरी वाढले तर वाटा लहान होतो हे मूल स्वतःच पाहते. हीच कृती टॅबवर करता येते, पण तुकडे मुलाच्या बोटाने पडायला हवेत. तयार अ‍ॅनिमेशन पाहणे म्हणजे रचना नव्हे.

पियाजे यांच्यासोबत काम केलेल्या सीमोर पॅपर्ट यांनी हाच विचार संगणकावर आणला. १९६७ मध्ये आलेल्या ‘लोगो’ या भाषेत मूल संगणकाला आज्ञा देते आणि चूक झाली की स्वतःच ती शोधते.

उपकरण दिले की मूल आपोआप शिकते का?

या प्रश्नावर सर्वाधिक वाद झाला. सुगत मित्र यांनी १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवला आणि मुले कुणीही न शिकवता तो हाताळायला शिकली. मात्र संगणक हाताळणे आणि गणित शिकणे एकच नव्हे. पेरू देशाने ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेत लाखो लॅपटॉप वाटले. ग्रामीण शाळांतील २०१२च्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम आढळला नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांच्या मांडणीत याचे एक कारण सापडते. मूल एकट्याने जेवढे करू शकते आणि जाणकाराच्या मदतीने जेवढे करू शकते, यांतील अंतर म्हणजे ‘निकट विकास क्षेत्र’. खरे शिकणे तिथे घडते आणि त्यासाठी सोबतीला शिक्षक किंवा पुढे गेलेला मित्र लागतो.

महाराष्ट्रात काय दिसते?

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. ज्ञानरचनावाद आणि डिजिटल शाळा हे दोन्ही शब्द याच काळात गावोगावी पोहोचले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कामामुळे गाजला. पण कोड हे केवळ दार आहे. आत तासाभराचे भाषण आहे की मुलाला करायला लावणारी कृती, यावर सिद्धांत ठरतो. अनेकदा पाटी रचनावादाची असते आणि पडद्यावर चालते ते व्याख्यान.

घरचे चित्रही बोलके आहे. ‘असर २०२४’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. साधन हाती आल्याने सवय बदलतेच असे नाही.

शाळेने काय तपासावे?

नवे उपकरण घेण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समिती आणि पालकांनी तीन प्रश्न विचारायला हवेत. तासात हात कोणाचे चालणार, मुलाचे की पडद्यावरच्या पात्राचे? उत्तर चुकले तर फक्त फुली येणार की चुकीमागचा विचार उलगडणार? आणि त्या वेळी शिक्षक नेमके काय करणार?

दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग चालणाऱ्या शाळेत हे प्रश्न अधिक मोलाचे ठरतात. एका गटाला टॅबवर पाढ्यांचा सराव देऊन शिक्षक दुसऱ्या गटासोबत बसू शकतात. टॅब कमी असतील तर तिघांत एक देऊन मुलांना आपापसांत वाद घालू देता येतो. पहिल्या वापरात स्किनर आहेत, दुसऱ्यात व्हिगोत्स्की. टॅब तोच, तो कशासाठी हाती द्यायचा, हे शिक्षकांनी आधी ठरवायचे.