बचाव दुबळा करू नका, खेळाडूच्या हाती द्या



व्हिडिओ गेममधल्या हॉकीत ‘बचाव फार भक्कम, म्हणून गोल होत नाहीत, तो सैल करा’ असे एका वाचकाने लिहिले आहे. रोगाचे निदान मला पटले नाही. खरी अडचण बचाव आपोआप होतो ही आहे. पास वाटेत असला की संगणकाच्या खेळाडूची काठी स्वतःच चेंडू हिसकावते. बचाव करणाऱ्याने बोटही हलवलेले नसते.

आइस हॉकीच्या ‘एनएचएल’ मालिकेचेच पाहा. ‘एनएचएल ०७’मध्ये चढाई करणाऱ्याला कंट्रोलरच्या उजव्या स्टिकने काठी फिरवता येऊ लागली. बचावासाठी तशी खास सोय ‘एनएचएल १८’मध्ये आली. मधली वर्षे एकाला कौशल्य आणि दुसऱ्याला बटण! अशाने तोल साधणार कसा?

आपल्या मैदानी हॉकीत तर बचाव ही कलाच आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्ट २०२४ रोजी बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर भारत दहा जणांनिशी ब्रिटनविरुद्ध १-१ असा टिकला आणि शूटआउटमध्ये ४-२ जिंकला. त्या सामन्यात गोल कमीच होते. कंटाळा कुणाला आला?

इथे उज्जैनच्या राम घाटाच्या पायऱ्यांवर मोबाइलवर खेळणारी मुलेही हरल्याबद्दल तक्रार करत नाहीत, ‘मी काही केलेच नव्हते’ म्हणून चिडतात.

तेव्हा गेम बनवणाऱ्यांनी आपोआपची चेंडूचोरी काढावी, आणि चुकीच्या वेळी काठी घालणाऱ्याला दंड ठेवावा. गोल किती होतात ते मग खेळणारे ठरवतील.

– एक वाचक, राम घाट, उज्जैन