पडल्यावर सांगणारे घड्याळ, सावरायला शिकवणारी चटई

धायरी फाट्यावरून डीएसके विश्वच्या चढाला लागणाऱ्या ज्येष्ठांच्या मनगटावर हल्ली स्मार्ट घड्याळ दिसते. बहुधा परदेशातल्या मुलाने किंवा मुलीने पाठवलेले. आई-बाबा पडले तर कळावे, एवढाच हेतू. अॅपलने ही सोय २०१८ मध्ये ‘सिरीज ४’च्या घड्याळात आणली. जोरात आपटून माणूस मिनिटभर हललाच नाही, तर घड्याळ आपत्कालीन सेवेला फोन लावते. सोय चांगलीच आहे. पण ती पडल्यानंतरची. शिवाय घड्याळ चार्जिंगला लावून माणूस आंघोळीला जातो आणि घसरायची जागा नेमकी तीच असते!

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक. जे वाचतात त्यांतल्या अनेकांचे खुब्याचे हाड मोडते आणि घराबाहेर पडणेच थांबते.

आपला तोल डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतली जाणीव या तिघांच्या भरवशावर असतो. वयाबरोबर तिन्हींकडून येणारे निरोप मंदावतात. जुना मधुमेह असेल तर तळपायाचा निरोप आणखी अस्पष्ट होतो. ठेच लागल्यावर माणसाला वाचवते ते झटकन पुढे किंवा बाजूला पडलेले एक पाऊल. ते वेळेवर पडले नाही, की माणूस पडतो. हे पाऊल मात्र सरावाने सुधारते आणि तंत्रज्ञानाचा खरा उपयोग इथे आहे.

सिडनीतील संशोधकांनी ६५ वर्षांवरील ७६९ जणांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला टीव्हीला जोडायची चटई दिली. पडद्यावरच्या खेळाप्रमाणे चटईवर पटापट पावले टाकायची, आठवड्याला १२० मिनिटे, तीही घरीच. दुसऱ्या गटाला मेंदूला चालना देणारे तसेच खेळ, पण बसून खेळायला दिले. वर्षभरात पावले टाकणाऱ्यांचे पडणे, काहीच खेळ न दिलेल्या तिसऱ्या गटाच्या तुलनेत, २६ टक्क्यांनी कमी झाले. बसून खेळणाऱ्यांत तसा ठोस फरक दिसला नाही.

चटईत जादू आहे असे नाही. १०८ चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या २०१९च्या कोक्रेन अहवालात साध्या व्यायामानेही पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. त्यात तोलाचे व्यायाम महत्त्वाचे. नुसत्या चालण्याबद्दल मात्र तो अहवाल ठाम काही सांगू शकला नाही. रोज तासभर फिरणाऱ्या धायरीकरांना हे रुचणार नाही. चालणे हृदयाला, साखरेला उत्तमच; तोलासाठी वेगळा सराव हवा, आणि तो कंटाळवाणा असतो. खेळाची चटई त्या कंटाळ्यावरचा उपाय आहे. धीरही हवा. टॅब्लेटवरून घरी व्यायाम शिकवणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्याच ‘स्टँडिंगटॉल’ उपक्रमात वर्षाअखेर ठोस फरक नव्हता. दोन वर्षांचा हिशेब केला तेव्हा पडणे १६ टक्क्यांनी कमी भरले.

आपल्याकडे काय करता येईल? २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, ६५ वर्षांवरील नागरिकांना ३ हजार रुपये मिळतात. त्यांतून काठी, वॉकर, कमोड खुर्ची घेता येते आणि योगोपचार केंद्रातही जाता येते. म्हणजे सरावासाठी पैसे देण्याचे तत्त्व सरकारने मान्य केलेलेच आहे. त्यात तोलाच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख व्हावा. महापालिकेच्या विरंगुळा केंद्रांत कॅरमच्या शेजारी दोन चटया, एक टीव्ही आणि आठवड्यातून दोनदा येणारा फिजिओथेरपिस्ट, एवढे झाले तरी पुष्कळ. रुग्णालयातल्या महागड्या यंत्रापर्यंत माणूस बहुधा हाड मोडल्यावरच पोहोचतो.

तोवर घरी एक चाचणी करता येते. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभे राहा. घरातले कोणी शेजारी असू द्या. एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, ओट्याला न धरता मोबाइलवर १० सेकंद मोजा. तेवढा वेळ टिकता आले नाही, तर फिजिओथेरपिस्टला भेटा. डॉक्टरांकडे जाताना झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी सोबत न्या. तोल जाण्याचे कारण कधी कधी त्या यादीतही सापडते.