मृत्यूचा दाखला आणि मृत्यूचें कारण

रुग्णालयांत उताराला लागलेला रोगी अकस्मात् दगावतो आणि दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असे चार शब्द लिहिले जातात. पण मरतांना हृदयक्रिया कोणाची बंद पडत नाहीं? ती कां पडली, हाच खरा प्रश्न होय. दाखल्यांत मरणाची रीत न लिहितां मूळ रोग लिहावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. तथापि आमच्याकडे हे चार शब्द पुष्कळदां उत्तर म्हणून खपतात, व प्रेताबरोबर तो प्रश्नही जळून जातो.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचें सर्वांत भरंवशाचें साधन म्हणजे शवपरीक्षा. पादुआच्या मोर्गाग्नीनें १७६१ सालीं सुमारें सातशें शवपरीक्षांच्या आधारें रोगाचें ठाणें अवयवांत शोधावें, हें वैद्यकास शिकविलें. १९१२ सालीं बोस्टनच्या डॉ. रिचर्ड कॅबट यांनीं तीन हजार शवपरीक्षांशीं डॉक्टरांचीं निदानें ताडून पाहिलीं, व कित्येक रोगांत तीं निम्म्याहून अधिक वेळां चुकलीं होतीं, असें निर्भयपणें प्रसिद्ध केलें.

आतां नवीं यंत्रें आलीं, तेव्हां शवपरीक्षेचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. बोस्टनच्याच एका रुग्णालयांतील १९६०, १९७० व १९८० या तिन्ही सालांच्या प्रत्येकीं शंभर शवपरीक्षा तपासल्या गेल्या. १९८३ सालीं निष्कर्ष निघाला तो असा कीं, दर दहांत सुमारें एका रोग्याच्या बाबतींत, वेळींच कळता तर कदाचित् आयुष्य वाढलें असतें असा रोग निसटला होता. आणि वीस वर्षांच्या यंत्रप्रगतीनें हें प्रमाण घटलें नव्हतें. फुप्फुसाच्या रक्तवाहिनींत अडकलेली गुठळी हें अशा निसटत्या रोगाचें नेहमींचें उदाहरण. २००३ सालीं ५३ अहवाल एकत्र ताडतां चुका कालांतरानें उतरल्याचें दिसलें, पण त्या नाहींशा झाल्या नव्हत्या. शंकास्पद मृत्यूंचीच परीक्षा अधिक होते, म्हणून हे आंकडे सरसकट लावूं नयेत, हें खरें. परंतु परीक्षाच न केल्यास आपले आंकडे कोणते, हेंही कधीं कळणार नाहीं.

आमच्याकडे शवविच्छेदन म्हटलें कीं पोलीस डोळ्यांपुढें उभे राहतात. पोलिसांच्या मागणीवरून होणारी परीक्षा घातपात वा अपघात झाला काय, हें पाहते. नातलगांच्या संमतीनें रुग्णालय करील ती परीक्षा निदान खरें होतें काय, हें पाहते. हा भेद लोकांस कोणी समजावून देत नाहीं. १८३६ सालीं पंडित मधुसूदन गुप्त यांनीं कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत शवच्छेदन करून रूढीची भिंत फोडली. लोकांच्या मनांतील विटंबनेची भीति अद्याप आहेच. पण आमच्या मतें मोठा दोष रूढीचा नसून संमति न मागण्याचा आहे. कोर्टकचेरीच्या व मारहाणीच्या धास्तीनें डॉक्टर गप्प राहतात, आणि त्या मौनानेंच संशय वाढतो.

उपाय अशक्य नाहीं. कारण न उलगडलेल्या प्रत्येक अकस्मात् मृत्यूनंतर वरिष्ठ डॉक्टरानें स्वतः नातलगांस संमति विचारावी. खर्च रुग्णालयानें सोसावा. प्रेत नीट शिवून अंत्यविधीस वेळेवर द्यावें. निष्कर्ष घरच्यांस सोप्या शब्दांत कळवावा, व डॉक्टरांच्या सभेंत तो शिक्षेसाठीं नव्हे तर शिक्षणासाठीं चर्चावा. चिरफाड मान्य नसेल तेथें सुईनें अवयवांचे नमुने घ्यावे; तें पुरें नसलें तरी कांहींच नसण्यापेक्षां बरें.

यांत लाभ केवळ शास्त्राचा नाहीं. हृदयाचा स्नायु जाड होण्याचा एक रोग कुळांत उतरतो. एका तरुण मुलाच्या मृत्यूचें कारण कळलें तर त्याच्या भावंडांची तपासणी वेळींच होऊं शकते. मेलेल्यास न्याय देण्याचा व जिवंतांस वांचविण्याचा हा मार्ग रुग्णालयांनीं आपण होऊन धरावा. आणि तीं न धरतील, तर तो प्रश्न विचारण्याचा हक्क नातलगांनीं सोडूं नये.