बर्फावरची रपेट

गेल्या फेब्रुवारीत आम्ही पाच जण गुलमर्गला गेलो होतो. रोज सकाळी एकाच बागेत फिरणारे, साठी केव्हाच ओलांडलेले आणि एकमेकांच्या रक्तदाबाचे आकडे तोंडपाठ असलेले मित्र. निदान आमचा समज तरी तसा होता.

टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि जाड कोट अंगावर चढवले. चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीतून वरचा 13 किलोमीटरचा घाट चढून आलो, तेव्हा समोर सुमारे 2650 मीटर उंचीवरचे शुभ्र पठार पसरले होते. कडेला ओळीने उभ्या होत्या स्नो स्कूटर: पुढे दोन पट्ट्या, मागे रबराचा फिरता पट्टा आणि कानठळ्या बसवणारा आवाज. चालकासह डोंगराच्या कडेकडेने चक्कर मारण्याचा बेत ठरला. सगळे उत्साहात असतानाच वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मी बसणार नाही. तीन वर्षांपूर्वी माझा मणका दबला होता. तुम्ही जा, मी इथे कहवा घेत बसते."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग "अहो, हळू चालवायला सांगू", "एवढ्या लांब येऊन?" असा आग्रह झालाच. वहिनी हसल्या, पण उठल्या नाहीत.

त्यांचे पूर्णपणे बरोबर होते. बर्फ वरून मऊ दिसला तरी खाली उंचवटे आणि खड्डे असतात. स्कूटर उसळून आदळली की धक्का थेट बसलेल्या माणसाच्या कण्यात जातो. अशा धक्क्याने मणके दबल्याची उदाहरणे धडधाकट तरुणांतही आढळतात. मग रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीने हा धोका का पत्करावा?

पुढची गोष्ट मात्र माझी आहे आणि ती सांगताना संकोच वाटतो. 40 वर्षे मी रुग्णांना पथ्यपाणी सांगत आलो. त्या दिवशी सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली. पण वाटेत लघवीला थांबावे लागू नये, एवढे कपडे सोडण्याची यातायात नको, म्हणून पहाटेच्या अर्ध्या कप चहाखेरीज काहीही प्यालो नव्हतो. डोके जड झाले होते, तोंड कोरडे पडले होते. मित्रांचा रसभंग नको म्हणून गप्प राहिलो आणि स्कूटरवर बसलो. रपेट झकास झाली. उतरून ताडकन उभा राहिलो मात्र, डोळ्यांसमोर अंधारी आली. वहिनींनीच दंड धरून बसवले. म्हणाल्या, "भाऊजी, सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

उतारवयात तहान कमी लागते. थंडीत ती आणखी मंदावते, उलट लघवीचे प्रमाण वाढते. उंचावरच्या कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जाते. त्यात रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम मिळाला की एकदम उभे राहताच रक्तदाब उतरतो. तोल जाऊन खुब्याचे हाड मोडले असते, तर दोष कोणाला दिला असता?

मला त्या वेळी या यंत्राच्या जन्माची कथा आठवली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांचा लहान मुलगा 1934 च्या हिवाळ्यात पोटाच्या विकाराने दगावला. बर्फाने रस्ते बंद होते, त्याला रुग्णालयात नेता आले नाही. बर्फावर चालणाऱ्या वाहनाच्या खटपटीत ते आधीपासूनच होते. 1937 साली त्यांनी सात जणांना नेणारी गाडी तयार केली. अशा गाड्यांतून डॉक्टर रुग्णांपर्यंत पोहोचू लागले. हलकी, मौजेची स्कूटर आली ती 1959 मध्ये. बर्फात रुग्णालय किती दूर असते, हे त्या पित्याला ठाऊक होते. आपण सहलीच्या धुंदीत नेमके तेच विसरतो.

म्हणून निघण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याची वा सांध्याची शस्त्रक्रिया झाली असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज रपेट नको. पोहोचल्या दिवशी विश्रांती घ्यावी. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना इजा करते, म्हणून आकाश ढगाळ असले तरी काळा चष्मा हवा. मद्याने ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीरातील उष्णता बाहेरच जाते. मधुमेहींनी इन्सुलिन आतल्या खिशात ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरू नये. पायांची संवेदना कमी असेल तर रात्री मोजे काढून पावले नीट पाहावीत.

घरच्या मंडळींनाही एक सांगणे आहे. फोनवर "बरे आहे ना?" असे विचाराल, तर उत्तर "हो" असेच येईल. त्याऐवजी "पाणी किती प्यायलात? गोळी कधी घेतली? झोप लागली का?" असे विचारावे. नेमक्या प्रश्नाला टाळाटाळ करणे अवघड जाते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी आम्ही एक नियम केला. चहा संपण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या तब्येतीचे खरे काय ते सांगायचे आणि कोणी "आज मी येत नाही" म्हटले तर आग्रह करायचा नाही. पहिल्याच दिवशी बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राने कबूल केले की जिना चढताना महिन्याभरापासून त्याच्या छातीत भरून येते. त्याने आदल्या दिवशी दोन चकरा मारल्या होत्या. आम्ही पुढचा बेत रद्द केला, त्याला घेऊन तडक श्रीनगरला उतरलो आणि हृदयरोगतज्ज्ञाला दाखवले. परतल्यावर त्याच्यावर अँजिओप्लास्टी झाली. आता तो पुन्हा आमच्याबरोबर बागेत फिरतो. रोज सकाळी पहिला प्रश्न मात्र वहिनी मलाच विचारतात, "भाऊजी, पाणी?"