साडीचोळी आणि सही

परवा आमच्या महिला मंडळात एक बाई आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. "ताई, हे जरा वाचून सांगता का?" वडील गेल्यावर भावाने त्यांना तालुक्याला नेलं होतं. "वारस नोंद करायचीय, तुझी सही लागते," एवढंच सांगितलं. कचेरीत फोटो काढला, अंगठा घेतला, येताना भावाने साडी घेऊन दिली. आता नवरा गेल्यावर त्या माहेरी आधाराला गेल्या, तर सातबारावर त्यांचं नावच नाही. मी कागद वाचला. ते हक्कसोडपत्र होतं.

मैत्रिणींनो, या दोन गोष्टी अगदी उलट आहेत. वारस नोंदीने आई, भाऊ, बहिणी अशा सगळ्या वारसांची नावं सातबारावर चढतात. हक्कसोडपत्राने आपलं नाव उतरतं. वारस नोंदीचं काम तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. हक्कसोडपत्र मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तेव्हा फोटो आणि अंगठ्यासाठी त्या कचेरीत नेलं की समजावं, इथे हक्काची देवघेव होते आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला 1956 पासूनच मुलाइतका वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने ती जन्माने हिस्सेदार झाली. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. पण कायद्याने दिलेलं आपणच सहीने सोडून दिलं, तर कायदा काय करणार? फसवणूक झाली असेल तर दस्त रद्द करायला दिवाणी कोर्टात जावं लागतं, तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आणि शाबीत आपल्यालाच करावं लागतं.

खरं सांगू? मीही अशीच सही केली आहे. बी.ए. झालेली मी, पण एक ओळ वाचली नाही. वाचायला मागितलं तर दादाला काय वाटेल, माहेर तुटेल, हीच धास्ती. दादा चांगला आहे, म्हणून निभावलं. पण प्रत्येकीचं नशीब तसं नसतं.

भावाला जमीन देऊ नका, असं मी म्हणत नाही. खुशाल द्या. पण देतोय हे कळून द्या. सुतकाच्या दिवसांत सही करू नका. कागद घरी आणा, शिकलेल्या लेकीकडून मोठ्याने वाचून घ्या. "मोबदला न घेता, स्वखुशीने" हे शब्द दिसले की थांबा. पैसे ठरले असतील तर तो आकडा दस्तात लिहून घ्या. नाव ठेवूनही जमीन भावाला कसायला देता येते. आणि फेरफाराची नोटीस आली तर ती चुलीत घालू नका. पंधरा दिवसांत लेखी हरकत घेता येते.

त्या बाईंना मी वकिलांकडे पाठवलं आहे. निघताना त्या म्हणाल्या, "ताई, साडी केव्हाच विरली हो."